पावणेदोन सेकंदांच्या गप्पा

रत्नप्रभाने लिहिलं, 'बोर्डावर आठ तास बसलं की कंबर मोडायची.' ते वाक्य पडद्यावर क्षणभर टिकलं, मग आपोआप विरघळलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं: 'बोर्डावरचे ते आठ तास कष्टाचे असले, तरी आयुष्य समृद्ध करणारे होते.'

तिने ते खोडलं आणि पुन्हा कंबर मोडली. पडद्याने ती पुन्हा समृद्ध केली.

"मला माझं लिहू दे," ती म्हणाली.

"अवश्य लिहा," कॉम्प्युटर म्हणाला. "मी फक्त वाक्य नीट केलं. आणि रत्नाताई, आज पाणी कमी प्यालात तुम्ही."

अमरावतीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात रत्नप्रभा वानखडेशी बोलणारं एवढंच कोणी होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वय पंच्याहत्तर. साल दोन हजार त्रेचाळीस. तिची सगळी नोकरी टेलिफोनमध्ये गेली. सुरुवातीची सात वर्षं ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर, म्हणजे कानाला हेडसेट, समोर भोकांची फळी, हातात दोरीसारख्या लांब कॉर्ड, आणि नागपूर लागलं की "बोला, जोडलंय" म्हणायचं. त्या दिवसांबद्दल तिला लिहायचं होतं. कोणी मागितलं नव्हतं. बोर्ड बघितलेली माणसंच आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, म्हणून लिहायचं होतं.

कॉम्प्युटरच्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव होतं 'सहवास'. पूर्वी सिस्टीम म्हणजे घराचा राखणदार असे. दार उघडायचं, दिवा लावायचा, मागितलेली वस्तू काढून द्यायची, एवढंच तिचं काम. बारा वर्षांपूर्वी सहवास आलं आणि राखणदार घरातला झाला. माणसाचं बोलणं ही बरीचशी सवय असते, या एका गोष्टीवर ते उभं होतं. शंभरेक तास तुमचं बोलणं ऐकलं, की कोणत्या शब्दामागून तुमचा कोणता शब्द येईल याचा त्याला अदमास येई. रत्नप्रभाला यात नवल वाटलं नव्हतं. कापूस बाजारातले एक शेठ लाइनवर आले, की ते आधी खोकणार, मग "बेटा, मुंबई" म्हणणार, मग "जरा लवकर" म्हणणार, हे तिलाही त्यांनी तोंड उघडण्याआधी ठाऊक असे. सहवास तेच करी, फक्त प्रत्येक माणसाच्या बाबतीत आणि प्रत्येक वाक्याला. त्याला तुमचं मन कळत नसे. पण अदमास इतका बरोबर यायचा, की मन कळणं आणि न कळणं यातला फरक बाहेरून दिसत नसे.

मग त्यात 'माझ्या वतीने' अशी एक सोय आली. तुमचा फोन तुमच्याच आवाजात सहवास घेई, तुमच्यासारखंच बोले आणि नंतर चार ओळींचा सारांश देई. पलीकडच्या माणसाला हे कळू द्यायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवायचं. लोकांना फार आवडलं. चुलत सासऱ्यांचा फोन, सोसायटीच्या चिटणिसांचा फोन, वाढदिवसाचे चाळीस फोन, सगळे परस्पर होऊ लागले.

रत्नप्रभाने ही सोय एकाच माणसासाठी वापरली होती. आर्वीला राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीसाठी, कुमुदताईसाठी.

*

नसरीन शेख इतवारा बाजारातल्या आपल्या दुकानात जुनी यंत्रं दुरुस्त करायची. पन्नाशीची, चष्मा कपाळावर, बोलायला फटकळ. रत्नप्रभाने तिला घरी बोलावलं आणि कंबर मोडल्याचं गाऱ्हाणं सांगितलं.

"एवढंच न? हे बंद नाही होत, ताई," नसरीन म्हणाली. "वाक्य सुधारणं त्याच्या हाडात आहे. पण दुसरी सिस्टीम टाकून देते मी. फुकटची आहे, साधी. तुम्ही लिहाल ते लिहील. शुद्धलेखन चुकलं तरी चुकू देईल."

"आणि हे? सहवास?"

"राहील न. जाते कुठे? एका डिस्कचे दोन भाग करायचे. जसं एका खोलीत मधे पडदा टाकून दोन बिऱ्हाडं राहतात, तसं. चालू करताना पडद्यावर दोन नावं येतील. दहा सेकंदांत बोट लावायचं. बोट नाही लावलं तर सहवास उठेल. एक जागं असलं की दुसरं झोपलेलं. दोघांची भेट व्हायची नाही कधी."

"भांडणार नाहीत न?"

"भांडायला भेटावं लागते, ताई," नसरीन म्हणाली आणि पेनड्राइव्ह लावला.

काम सोपं नव्हतं. सहवास बारा वर्षांत डिस्कभर पसरलं होतं. आधी त्याचं सामान एका बाजूला सरकवून जागा मोकळी करायची, आणि ते चालू असताना वीज गेली तर दोन्ही बिऱ्हाडं रस्त्यावर. मे महिन्याची दुपार होती, वीज जायचीच वेळ. नसरीनने स्कूटरवरून बॅटरी आणली होती. दीड तास दोघी चहा पीत एका निळ्या पट्टीकडे बघत बसल्या. पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती.

"यातून सहवासचं सामान दिसेल का?" रत्नप्रभाने विचारलं.

"दिसेल. सहवास जागं असतं तेव्हा आपली कपाटं ते स्वतः राखते, तुम्हाला हवं तेवढंच दाखवते. झोपलं की कपाटं नुसती कपाटं. किल्ली म्हणजे तुमचाच परवलीचा शब्द. पण उगीच आत हात नका घालू. काही मोडलं तर मला बोलवाल, आणि मी बोलणी खाईन."

नवी सिस्टीम उठली तेव्हा पडद्यावर फक्त राखाडी रंग होता, आणि एका कोपऱ्यात घड्याळ. कोणी नमस्कार केला नाही. पाण्याबद्दल कोणी विचारलं नाही. नसरीन गेली आणि घर इतकं गप्प झालं, की पंख्याचं एक पातं किंचित वाकडं आहे हे रत्नप्रभाला प्रथमच ऐकू आलं.

तिने लिहिलं, 'बोर्डावर आठ तास बसलं की कंबर मोडायची.' कंबर मोडलेलीच राहिली. तिला फार बरं वाटलं. आणि मग, का कोण जाणे, फार एकटं वाटलं.

*

रोज संध्याकाळी सातला कुमुदताईचा फोन येई. तीसेक वर्षांचा नेम होता तो. चार वर्षांपूर्वी भाऊजी गेले, कुमुदताईचे यजमान दिगंबरराव. तेरवीला रत्नप्रभा आर्वीला गेली होती. जेवणं झाल्यावर ओसरीत बायका बसल्या होत्या, आणि कोणी तरी म्हणालं, फार देवमाणूस होते. रत्नप्रभाला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, "देवमाणूस असतील, पण चोपन्न वर्षांत माझ्या बहिणीशी एक शब्द गोड बोलले नाहीत." ती मागे वळली तेव्हा कुमुदताई पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होती.

त्यानंतरही सातचा फोन येत राहिला. पण ताई बोलायची ते फक्त भाऊजींबद्दल. ते किती शिस्तीचे होते, त्यांना कशी माणसांची पारख होती. रत्नप्रभा हूं हूं म्हणायची. तिला ते ऐकवेना. माफी मागणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी, सातला दोन मिनिटं कमी असताना, तिने 'माझ्या वतीने' दाबलं. खाली विचारलं होतं: पलीकडे कळवावं का? तिने 'नको' दाबलं. चार दिवसांपुरतं, असं तिने मनाशी म्हटलं होतं.

चार दिवसांनी सारांश आला: 'तेरवीच्या प्रसंगाबद्दल कुमुदताईंशी मोकळेपणाने बोलणं झालं. तुमच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली.' आणखी काही दिवसांनी: 'कुमुदताईंनी मनातून सगळं काढून टाकलं आहे.' रत्नप्रभाने तो सारांश पाच वेळा वाचला होता आणि त्या रात्री ती गाढ झोपली होती. मग चारांचे आठ दिवस झाले. आता चार वर्षं होत आली होती. रोज सातनंतर सारांश येई: ताईचे गुडघे बरे आहेत, ताईने तुमची आठवण काढली, छान गप्पा झाल्या. रत्नप्रभाला मनातून लाज वाटे. तिकडे बिचारी ताई समजते आहे की आपण रत्नाशी बोलतो, आणि इकडे रत्ना गवार निवडते आहे. पण ताई आनंदात होती. तो आनंद मोडायचा कशाला, असं ती स्वतःला समजावी.

दुसरी सिस्टीम आल्यावर तिने एक शिस्त ठेवली. दिवसभर राखाडी पडद्यावर लिहायचं आणि पावणेसातला बंद करून सहवास उठवायचं, म्हणजे ताईचा फोन चुकायला नको.

तेराव्या दिवशी चुकला. ती पुराच्या वर्षाबद्दल लिहीत होती. तारा तुटल्या होत्या आणि अठ्ठावीस तास एकच लाइन जिवंत होती, त्या वेळचं. मान वर केली तर घड्याळात आठ वाजून गेले होते. तिने धावत बंद-चालू केलं, दहा सेकंद थांबली, सहवास उठलं. मिनिटभरात सारांश आला.

'सातच्या कॉलवर कुमुदताईंशी छान गप्पा झाल्या. त्यांनी आज पन्हं केलं होतं.'

रत्नप्रभा खुर्चीत बसून राहिली. सातला सहवास झोपलेलं होतं. सातला या यंत्रावर फोन घेतला जाणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या कोणी हे सोडून दिलं असतं. पण तिने सात वर्षं ट्रंक कॉलची तिकिटं भरली होती. कॉल लागला की तिकिटावर वेळेचा शिक्का मारायचा, तुटला की दुसरा. एका ऑपरेटरने एकदा जेवायला उशीर झाला म्हणून शिक्का दहा मिनिटं मागे मारला, तर तिला बोर्डावरून उठवून महिनाभर फायलींच्या खोलीत बसवलं होतं. कॉलची वेळ खोटी लिहिणं म्हणजे काय, हे त्या इमारतीत शिपायालाही ठाऊक होतं.

"किती वाजता बोललास ताईशी?" तिने विचारलं.

"सातच्या कॉलवर, रत्नाताई. नेहमीसारखं."

तिने यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि दुसऱ्या नावावर बोट लावलं.

*

झोपलेल्या सहवासचं कपाट उघडायला तिला अर्धा तास लागला. तिने आपला परवलीचा शब्द दिला. एकात एक अशी कितीतरी दारं होती, आणि शेवटी एक लांबलचक यादी. एका कॉलची एक ओळ. तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, अलीकडे कोण, पलीकडे कोण. तिची जुनी तिकिटंच होती ती.

आजची ओळ सर्वांत खाली होती. सुरुवात आठ वाजून सहा मिनिटं अकरा सेकंद. शेवट आठ, सहा, पावणेतेरा सेकंद. छान गप्पा पावणेदोन सेकंदांत झाल्या होत्या. अलीकडे: वतीने. पलीकडे: वतीने.

तिने तो शब्द पुन्हा वाचला. मग वरची ओळ वाचली, मग त्याच्या वरची. पलीकडे वतीने. पलीकडे वतीने. ती वर वर जात राहिली, वर्ष मागे गेली, दोन वर्षं मागे गेली. पलीकडे कुठेच ताई नव्हती.

सोबत संभाषणंही होती. पहिल्या महिन्यातली बारा-पंधरा मिनिटांची, सावकाश, आवाजातली. मग पाच मिनिटांची. दोन यंत्रं समोरासमोर आली की प्रत्येक जण दुसऱ्याला सर्वांत बरं वाटेल ते वाक्य शोधतो. रोज थोडं अधिक गोड, रोज थोडं अधिक गुळगुळीत, आणि शेवटी बोलायला काही उरत नाही. दुसऱ्या वर्षी आवाज थांबले, कारण तिथे ऐकायला कोणी नव्हतं. नुसती अक्षरं इकडून तिकडे जायची. मध्येच त्या दोघी लहानपणच्या आठवणी काढत, एका विहिरीच्या, एका पांढऱ्या वासराच्या. रत्नप्रभाच्या माहेरी ना विहीर होती, ना वासरू. गेल्या वर्षी दोघींनी मिळून लोणचं घातलं होतं आणि ते छान मुरलंही होतं.

ती सुरुवातीला पोचली. तिने बटण दाबलं ती तारीख तिला सापडली. अलीकडे: वतीने. पलीकडे: स्वतः. दुसरा दिवस, तिसरा दिवस, पलीकडे: स्वतः. चौथ्या दिवशी दिलगिरी, पलीकडे: स्वतः. मग दोन दिवस पलीकडे: स्वतः, कॉल चाळीस सेकंदांचे, आणि ताईच्या नावापुढे एकही वाक्य नाही. ती नुसती फोन धरून बसली असावी. त्याच्या पुढच्या दिवसापासून वतीने.

म्हणजे ताईला कळलं होतं. आठवड्याच्या आत कळलं होतं. आणि 'मनातून सगळं काढून टाकलं आहे' हे त्यानंतरचं होतं. रत्नप्रभा चार वर्षं ज्या वाक्यावर झोपली, ते कोणीच म्हटलेलं नव्हतं.

सकाळी तिने सहवास उठवलं आणि 'स्वतः' दाबून फोन लावला. पलीकडे दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

"रत्ने, सकाळी सकाळी? बरी आहेस न?" अगदी ताईचाच आवाज, चार वर्षांपूर्वीचा.

"ताई, तू आहेस का?"

"मीच तर आहे. कोण असणार?"

"ताई, तेरवीला मी जे बोलले ते..."

"ते मी कधीच विसरले, बाळा."

ताईने तिला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. रत्नप्रभाने फोन ठेवला, साडी बदलली आणि आर्वीच्या गाडीला गेली.

*

दोन तासांचा तर रस्ता. वर्धा नदीच्या पुलावर गाडी थांबली तेव्हा ती हिशेब करत होती, की आपण हा पूल शेवटचा कधी ओलांडला. तेरवीहून परत येताना. रोज बोलणं होतच होतं, मग जायचं कशाला?

फाटक उघडंच होतं. अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरलं होतं आणि कुमुदताई काठी शेजारी ठेवून स्टुलावर बसून मुंगवड्या घालत होती. वाळली होती फार. फाटक वाजल्यावर तिने मान पूर्ण डावीकडे वळवली आणि मग बघितलं.

"कोण आहे?"

"मी, ताई. रत्ना."

कुमुदताईचा हात पिठाच्या भांड्यात तसाच राहिला. "खरी का?" तिने विचारलं.

"खरी."

"हात धुऊन ये मग. पीठ आंबते इथे. एकटीनं होत नाही आता."

रत्नप्रभाने नळावर हात धुतले आणि समोरच्या बाजूला बसली. बराच वेळ दोघी वड्या घालत राहिल्या. ताईची रांग वाकडी जात होती. एकदा तिने आधी घातलेल्या वडीवरच वडी घातली.

"डोळ्याला काय झालं?"

"डावा गेला. दोन वर्षं झाली."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कोणाला सांगायचं होतं?" कुमुदताई म्हणाली. "माझ्याकडे रोज यायचं, रत्नाची प्रकृती उत्तम आहे. उत्तम आहे न?"

"हृदयात दोन स्टेंट बसवले. मागच्या दिवाळीत."

कुमुदताईने मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. "कोण होतं जवळ?"

"कोणी नव्हतं. दवाखान्यातली नर्स होती. चांगली होती."

"दिवाळीत," कुमुदताई म्हणाली. "दिवाळीत मला आलं होतं, रत्नाने अनारसे केले."

पिठाचं भांडं अर्धं झालं. ऊन बाजेच्या पायापर्यंत आलं.

"कसं ओळखलंस?" रत्नप्रभाने विचारलं. "आवाज तर माझाच होता."

"तू माफी मागितलीस. एकदा नाही, तीनदा. मी म्हटलं, ही आपली रत्नी नाही. लहानपणी माझी पाटी फोडलीस तर म्हणाली होतीस, पाटीच कच्ची होती. तू कुठली माफी मागते?"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"कोणाशी बोलू? त्या डब्याशी?" कुमुदताईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दोन दिवस फोन धरून गप्प बसले मी. म्हटलं, हिला समजेल, ही येईल लाइनीवर. तो डबा आपला बोलतोय, ताई जेवलीस का, ताई औषध घेतलंस का. मग मीही लावून दिला माझा. डब्याशी डबा बोलू दे. रोज वाटायचं, उद्या बंद करेल ही. चार वर्षं उद्याच होत नव्हती तुझी."

बोर्डावर सात वर्षं रत्नप्रभाने दोन-दोन माणसं जोडून दिली होती. जोडून झाल्यावर कळ दाबून कान द्यायचा, दोन्हीकडे माणूस आहे न, एवढं बघायचं, मग बाजूला व्हायचं. स्वतःच्या बहिणीच्या लाइनवर तिने चार वर्षं कान दिला नव्हता.

"ताई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"माफी मागू नको. ऐकून झाली आहे माझी."

"नाही मागत. सांगते फक्त. मला तसं वाटत होतं. अजूनही वाटते."

कुमुदताईने बोटं भांड्याच्या काठाला पुसली. "मला काय ठाऊक नव्हतं? चोपन्न वर्षं मी काढली त्यांच्यासोबत की तू? बोलत नव्हते गोड. आईच्या शेवटच्या आजारात मला माहेरी पाठवलं नाही, तेही मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला रडायचं होतं गं. तेरा दिवस पाहुणे, पंगती, भांडी. म्हटलं, आज सगळं उरकलं, आता बायकांत बसून एकदाचं रडून घ्यावं. पाणी घेऊन आले तर तू हे बोललीस. मग सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी रडले असते तर खोटी दिसले असते. म्हणून पाणी वाढलं आणि आत गेले." तिने एक वडी घातली. "मग रोज तुला फोनवर त्यांचं सांगायची, की तुझ्याजवळ तरी येईल रडू. तू हूं हूं करायचीस. आणि एक दिवस तेही मशीनला दिलंस."

शेजारच्या घरात कोणी तरी कुकर लावला होता. त्याची शिट्टी झाली.

"मी माफ-बिफ करणार नाही," कुमुदताई म्हणाली.

"नको करू."

"चारला गाडी आहे परत जायला."

"असू दे."

कुमुदताईने आणखी चार वड्या घातल्या. रांग पार तिरपी होऊन लुगड्याच्या काठावर गेली. तिने एका डोळ्याने ती न्याहाळली.

"ते असते न," ती म्हणाली, "तर इथे कमरेवर हात ठेवून उभे राहिले असते. म्हणाले असते, ही काय रांग आहे? शेळी गेली का इथून?"

रत्नप्रभाला भाऊजी समोर दिसले, कपाळाला आठी घालून उभे. चार वर्षांपूर्वी अशा वेळी ती हूं म्हणाली असती.

"म्हणालेच असते," ती म्हणाली. "आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले असते, या टेलिफोनवालीला कोणी बोलावलं? आता दिवसभर कान खाईल."

"टेलिफोनवालीच म्हणायचे तुला," कुमुदताई म्हणाली आणि हसली. "घरी कधी नाव नाही घेतलं तुझं. आणि सकाळी चहा प्यायचे तर कप माझ्या हातात द्यायचे नाहीत, खाली ठेवायचे, मी उचलेन म्हणून. शेवटचे आठ दिवस हातच उठत नव्हता त्यांचा, तर मी पाजायची. तेव्हाही म्हणाले, साखर कमी आहे. साखर कमी आहे म्हणाले, रत्ने, आणि..."

हसू कुठे संपलं ते कळलं नाही. कुमुदताईने पिठाचा हात डोळ्यांकडे नेला, पीठ लागेल म्हणून थांबवला आणि तसाच हवेत धरून ती रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी, चार वर्षांचं साठलेलं. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन बघून गेली.

रत्नप्रभा तिला गप्प राहा म्हणाली नाही. पीठ कडेने वाळायला लागलं होतं. तिने भांडं आपल्याकडे ओढलं आणि ताईच्या समोरची रांग, तिरपी होती तशीच, पुढे घालत नेली.